परभणीचा खरीप मेळावा: पिशवी घेऊन लगेच परतू नका

१८ मे जवळ आला की आमच्या पूर्णा तालुक्यात पारावर एकच विषय असतो, परभणीचा मेळावा. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा तो स्थापना दिवस. त्या दिवशी खरीप शेतकरी मेळावा भरतो, प्रदर्शन लागतं, चर्चासत्र होतं आणि विद्यापीठाच्या बियाण्याची विक्री असते. लग्न होऊन आल्यापासून मी या मेळाव्याचं ऐकते आहे. पण कानावर यायचं ते इतकंच: रांग कुठपर्यंत गेली होती आणि कुणाला किती पिशव्या मिळाल्या. यंदा मी स्वतः गेले, जाऊबाईंना सोबत घेऊन. सकाळच्या गाडीनं गेलो आणि संध्याकाळच्या गाडीनं परतलो. पिशवी हा त्या दिवसातला लहान भाग आहे, हे मला तिथं दिवसभर थांबल्यावर कळलं.

जायचं कारण सांगते. आमची साडेचार एकर काळी जमीन. मालक पुण्याला कंपनीत, त्यामुळं रानातलं सगळं माझ्याकडं. गेल्या मिरगात दोन एकरांत दुकानातून आणलेलं सोयाबीन पेरलं. सहाव्या दिवशी जाऊन बघितलं तर तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत, हातभर अंतरावर एखादा कोंब. उकरून पाहिलं, दाणे फुगून कुजलेले. दुबार पेरणी करावी लागली. बियाण्याला पैसे दोनदा, पेरणाऱ्याचा रोज दोनदा, आणि पीक पंधरा दिवस मागं पडलं ते पडलंच. दिवाळीच्या तोंडाला मी ठरवलं की पुढच्या साली बी कुणाच्या भरवशावर घ्यायचं नाही, आधी समजून घ्यायचं. म्हणून राखून ठेवलेल्या घरच्या सोयाबीनचं मूठभर बी कापडी पिशवीत बांधून घेतलं आणि निघाले.

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, विद्यापीठाचं वय पाठ आहे. १९७२ चं ते, दुष्काळाचं साल. त्या तेव्हा नव्या नवरी होत्या, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या, सुकडी खायच्या. त्यांच्या तोंडी आजही ‘मराठवाडा कृषी विद्यापीठ’ एवढंच नाव असतं; वसंतराव नाईकांचं नाव २०१३ मध्ये जोडलं गेलं. निघताना म्हणाल्या, “बी मिळालं न्हाई तरी चालंल, पर इचारून या. आमाला इचारायला कुनी नव्हतं.”

स्टेशनवरून ऑटोनं विद्यापीठात गेलो. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. मे महिन्यातलं परभणीचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको. डोक्याला पदर, पिशवीत पाण्याची मोठी बाटली आणि भाकरी-ठेचा घरूनच न्या. आणि नऊच्या आत पोहोचा, कारण उन्हं चढायच्या आधी प्रदर्शन फिरून झालं तर चर्चासत्रात डोकं जागेवर राहतं.

बियाण्याच्या रांगेत गावातल्या पोरांना उभं केलं होतं, त्यांचा पिकअप मागून आला होता. विद्यापीठाच्या सोयाबीनच्या नावापुढं एमएयूएस (मराठवाडा कृषी विद्यापीठ, सोयाबीन) असतं, म्हणजे हे वाण इथंच तयार झालं. ७१, १५८, १६२, ६१२ असे आकडे रांगेत प्रत्येकाच्या तोंडी. कोणता आकडा कुणासाठी, हे मात्र विचारून घ्यावं लागतं. १६२ उंच वाढतं, शेंगा जमिनीपासून वर धरतात, म्हणून हार्वेस्टरनं काढणाऱ्याला ते सोयीचं. आम्ही विळ्यानं कापतो, मजूर वेळेवर मिळत नाहीत आणि पीक रानात वाळून तडकतं. आम्हाला १५८ बरं, त्याच्या शेंगा लवकर फुटत नाहीत. हे मला रांगेत नाही, स्टॉलवर कळलं. तुरीत बीडीएन लिहिलेलं असतं ते बदनापूरचं, जालना जिल्ह्यातल्या संशोधन केंद्राचं. ७११ पांढरी, ७१६ लाल.

आता बीज तंत्रज्ञानाच्या स्टॉलवरचं जरा सविस्तर सांगते, कारण माझा सगळा दिवस तिथंच वसूल झाला. एक मॅडम टेबलामागं बसल्या होत्या. मी पिशवी सोडून बी त्यांच्यापुढं ओतलं आणि म्हटलं, “मॅडम, हे पेरू का?” त्यांनी हो-नाही काहीच म्हटलं नाही. पांढऱ्या कागदावर चिमूटभर दाणे पसरले, भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “ताई, तुम्हीच बघा.” मी बघितलं. नुसत्या डोळ्याला गुळगुळीत, पिवळाधमक दिसणारा दाणा, आणि भिंगाखाली त्याच्या सालावर केसासारखी चीर. एकावर नाही, आठ-दहा दाण्यांवर. त्यांनी नखानं एक दाणा सोलून दाखवला. सोयाबीनचं साल कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ, आणि कोंब त्या सालाच्या अगदी खाली, डोळ्याजवळ. त्याला जाड कवच नाही. पोतं उंचावरून आपटलं की मार थेट कोंबाला बसतो.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. पोती कुठं ठेवली? माळवदाच्या खोलीत. एकावर एक किती? दहा. “सातच्या वर नको. खालच्या पोत्यातल्या दाण्यावर वरचं सगळं वजन येतं. आणि खाली फळ्या टाका, भिंतीला चिकटवू नका.” मळणी कशी केली? यंत्रावर. यंत्राचे फेरे किती होते? मला ते ठाऊक नव्हतं, कुणी कधी विचारलंच नव्हतं. बियाण्यासाठी राखायचं सोयाबीन मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांवरच मळायचं, असं त्यांनी सांगितलं. आमच्याकडं मळणीवाला एका दिवसात चार खळी उरकायच्या घाईत असतो, यंत्र जोरात सोडतो, आणि आपण मात्र धान्य लवकर झालं म्हणून खूश असतो.

शेवटी त्या म्हणाल्या, “तुमचं बी चांगलं की वाईट हे मी सांगणार नाही, गोणपाट सांगेल.” प्रत्येक पोत्यातून वरचं, मधलं, खालचं बी काढून एकत्र करायचं. न निवडता १०० दाणे मोजायचे. गोणपाटाचा तुकडा भिजवून, पिळून अंथरायचा, त्यावर दहा-दहाच्या ओळी मांडायच्या, वरून दुसरा ओला तुकडा टाकून अलगद गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. गोणपाट वाळू द्यायचं नाही. आठवडाभरात उघडून चांगले, सरळ कोंब मोजायचे. ७० किंवा जास्त निघाले तर एकरी ३० किलोनं बिनधास्त पेरा. थोडे कमी असतील तर बियाणं त्या मानानं वाढवा. ६० च्या खाली गेलं तर ते बी पेरायचंच नाही. सोयाबीन स्वपरागसिंचित आहे, म्हणजे त्याच फुलाच्या परागानं दाणा धरणारं, म्हणून एकदा चांगल्या वाणाचं बी आणलं की ते राखून दोन-तीन वर्षं वापरता येतं. म्हणजे दरवर्षी रांगेत उभं राहायची गरज नाही, हे विद्यापीठाच्या मॅडमच सांगत होत्या. मला याचं फार समाधान वाटलं.

बाकीचं प्रदर्शन मोठं आहे. अवजारांकडं पुरुषांची गर्दी जास्त. बैलांवर चालणारी अवजारं बघून जाऊबाईंना बरं वाटलं, कारण आमच्याकडं अजून लाल कंधारीची जोडी आहे आणि ट्रॅक्टरवाल्याची वाट बघत वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, निघून जातो. बायकांचं काम हलकं करणाऱ्या वस्तूंपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. भेंडी तोडायचे हातमोजे होते, आणि कापूस वेचायचा कोट, ज्याच्या पुढच्या खिशात कापूस टाकता येतो. कमरेला ओटी बांधून दिवसभर वेचणी केलेल्या बाईनंच तो अंगावर चढवून बघावा. जाऊबाईंनी चढवून बघितला. एका पडद्यावर गुलाबी बोंडअळीची लहानशी फिल्म चालू होती, बोंडाच्या आत अळी कशी शिरते आणि वरून बोंड कसं निरोगी दिसतं त्याची. शाळेतली पोरं ती दोन-दोनदा बघत होती.

एका खासगी स्टॉलवर मला एक बाटली हातात दिली, फवारली की फूलगळ थांबते म्हणाले. यात काय आहे, असं मी विचारलं. “रिझल्ट बघा ना ताई,” एवढंच उत्तर. बाटलीवर घटक छापलेले नव्हते. मी ती परत ठेवली. सगळ्यांना सांगणं आहे, घटक वाचल्याशिवाय आणि विद्यापीठाच्या स्टॉलवर विचारल्याशिवाय बाटली घेऊ नका.

चर्चासत्र हा मेळाव्याचा खरा गाभा, आणि पिशवी मिळाली की बरीच मंडळी नेमकी त्याच वेळी घराची वाट धरतात. व्यासपीठावर एकेका पिकाचे शास्त्रज्ञ बोलले. ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका आणि बी ३ ते ५ सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नका, हे दोन मुद्दे मी वहीत लिहून खाली रेघ मारली. बीजप्रक्रियेचा, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध लावायचा, क्रमही लिहिला: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू संवर्धन. आम्ही आजवर उलटं करत होतो आणि वर बी खसाखसा चोळत होतो. साल निघतं ते त्यानंच.

मग प्रश्नांची वेळ आली. माईक फिरायला लागल्यावर मी उभी राहिले. पाय कापत होते, पण विचारलं: आमच्या काळ्या रानात पाणी साचतं, रुंद वरंबा सरीचं यंत्र ट्रॅक्टरला लागतं, आमच्याकडं बैल आहेत, आम्ही काय करायचं? सर म्हणाले, “ताई, पेरताना दर चार ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडा. पीक वीस-पंचवीस दिवसांचं झालं की कोळप्याच्या फासेला दोरी गुंडाळून त्या मोकळ्या जागेत सरी पाडा. जास्तीचं पाणी त्या सरीतून निघून जाईल आणि पावसानं ताण दिला तर तीच सरी ओल धरेल.” एक दोरी आणि घरातलं तण काढायचं कोळपं, रुपयाचा खर्च नाही. माझ्यानंतर जाऊबाईंनी तुरीच्या मर रोगाचं विचारलं. उत्तर असं मिळालं की त्याच रानात सालोसाल तूर घेऊ नका, शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळून टाका आणि मर सहन करणारं वाण घ्या. पुढच्या वेळी वाळतं झाड मुळासकट घेऊन या, असंही सांगितलं. खोड उभं चिरलं की आत काळसर रेघ दिसते, मग मर आहे की दुसरं काही ते तिथल्या तिथं कळतं.

तेवढ्या गर्दीत प्रश्न विचारायला उभ्या राहिलेल्या बायका मोजक्याच होत्या. मंडपात बायका भरपूर होत्या, शेजारणीच्या कानात प्रश्नही विचारत होत्या, पण माईक आला की पदर तोंडाला. घरून चिठ्ठीवर प्रश्न लिहून आणा आणि पुढच्या दोन ओळींत बसा, एवढं मी माझ्या बहिणींना हात जोडून सांगेन. बायकांच्या प्रश्नांना वेगळा अर्धा तास मिळाला तर मला फार आवडेल. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, विद्यापीठात महिला शेतकरी मेळावा असतो. ज्यांना पुरुषांपुढं बोलायला जड जातं त्यांनी तिथून सुरुवात करावी.

परत येताना ‘शेतीभाती’ मासिकाचा अंक घेतला. गाडीत जागा नव्हती, पूर्णेपर्यंत उभ्यानंच आलो.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी गोणपाट भिजवलं. वरच्या पोत्यांची एक आणि तळातल्यांची एक अशा दोन गुंडाळ्या, वर खडूनं खुणा. आत्याबाई रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडायच्या, मला हात लावू द्यायच्या नाहीत. आठव्या दिवशी ओसरीवर उघडून त्यांनीच मोजलं. वरच्या पोत्यांतल्या बियाण्याचे ७८ कोंब निघाले, तळातल्या पोत्यांचे ५७. तळातलं सगळं मी अडतीवर घातलं. वरचं पेरलं, चार तासांआड एक मोकळं सोडून.

आता पुढचा मेळावा रब्बीचा, १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. करडईत ‘पूर्णा’ नावाचं विद्यापीठाचंच वाण आहे, ते मला बांधाकडच्या पट्ट्यात लावून बघायचं आहे. तुरीचं एखादं झाड वाळलंच तर मुळासकट ओल्या फडक्यात बांधून नेणार. माझ्या वहीत नऊ प्रश्न झालेत, जाऊबाईंचे चार वेगळे. आत्याबाईंनी मात्र आत्ताच सांगून ठेवलंय की परभणी मोती ज्वारीची पिशवी घेतल्याशिवाय घरात पाय ठेवायचा नाही, त्या ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ राहते.