वर्षभराचा प्लॅन म्हणून 1,850 घेतले, मारलं 28 दिवसांचं रिचार्ज

जेल रोडवर मोबाइलच्या दुकानांपुढे छत्री लावून सिम विकणारी पोरं बसतात, हे इंदूरकरांना सांगायला नको. तिथे माझ्या आईकडून 1,850 रुपये उकळले आणि वर तिच्या आधारवर भलतंच सिम काढलं. घरात कुणी म्हातारं माणूस साधा बटणांचा फोन वापरत असेल तर हे वाचाच.

आईला नेट नको, व्हॉट्सॲप नको. बहिणीशी बोलता आलं की झालं. तेवढ्यासाठी दर 28 दिवसांनी रिचार्ज, म्हणजे वर्षाला 13 रिचार्ज, आणि रोजचा डेटा नुसता वाया. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला लावले, मुदत 365 दिवसांपर्यंत. हे मला आधीपासून माहीत होतं. त्यामुळे तो पोरगा "ट्राई का नया प्लान है, माताजी के लिए, साल भर बात करो" म्हणाला, तेव्हा संशय कशाचा घ्यायचा? नियम खराच आहे. सराईत भामटा खऱ्यालाच धरून खोटं बोलतो.

आईच्या फोनवरून त्यानेच 1900 वर पोर्टचा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा, मेसेज टाकला, आलेला कोड उतरवून घेतला. पोर्ट केल्यावर जुन्या सिमवरची उरलेली मुदत बुडते, हे तो बोलला नाही. ती बुडाली. (पोर्ट करायचंच असेल तर मुदत संपत आल्यावर करा.) मग आईचा अंगठा घेतला. मोबाइलच्या पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि लगेच तो म्हणाला, "नहीं आया माताजी, एक बार और." पुन्हा अंगठा, पुन्हा फोटो.

तो क्षण आठवला की अजून संताप होतो. हिरवी खूण मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती! पण आईच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, राशनच्या दुकानातही तिचा अंगठा दर वेळी पुन्हा पुन्हा लावावा लागतो. मग त्यात वावगं वाटणार कसं? आता सांगतो: दुसऱ्यांदा अंगठा मागितला की पडदा स्वतःकडे वळवून वाचा, आणि "नाही आला" असं तिथे लिहिलेलं दिसल्याशिवाय बोट पुढे करू नका.

पैसे रोख घेतले. "नंबर चालू होते ही प्लान चढ़ जाएगा." नंबर चालू झाला, फोन लागू लागले, आई खूश. 28 दिवसांनी आउटगोइंग बंद. कंपनीच्या ॲपमध्ये पाहिलं तर पहिलं रिचार्ज 199 रुपयांचं. म्हणजे 1,651 रुपये सरळ खिशात घातले. रिचार्ज केल्या जागी मुदतीची तारीख पाहिल्याशिवाय कुणाच्या हातावर पैसे ठेवू नका. खरं तर ॲपवरून स्वतःच करा.

मग सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आईच्या नावावरचे नंबर काढले. एक तिचा. दुसरा कुणाचा? त्या दुसऱ्या अंगठ्यावर काढलेला.

कंपनीच्या स्टोअरमध्ये म्हणे, तो एजंट आमचा नाही. अहो, तुमचा नाही तर तुमचं सिम त्याच्या हातून चालू कसं झालं? सिम विकणाऱ्याची नोंदणी बंधनकारक आहे ना? कस्टमर केअर म्हणे, 199 चं रिचार्ज मिळालंय, तक्रार निकाली. 1930 या सायबर हेल्पलाइनवर सांगितलं, पैसे रोख दिलेत, हा ऑनलाइन गुन्हा नाही. ठाण्यात मुन्शी म्हणाला, एवढ्याशा रकमेसाठी कशाला येता. ट्राय तर एकेकट्या ग्राहकाची तक्रार घेतच नाही, कंपनीकडेच परत पाठवते. पुन्हा पोर्ट करून बाहेर पडावं, तर 90 दिवस तेही नाही! ज्या कंपनीच्या सिमवर लुटलं गेलं, तिलाच तीन महिने पैसे भरायचे.

तक्रार निकाली काढली तरी तक्रार क्रमांक सोडू नका. त्यावरच 30 दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. मी गेलोय. तिथेही दाद लागली नाही तर ग्राहक आयोग आहे, टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालतात असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलंय.

1,651 मिळोत न मिळोत, मला घोर त्या दुसऱ्या नंबरचा आहे. पोर्टलवर "हा माझा नंबर नाही" नोंदवलंय, तरी तो अजून चालू दिसतो. उद्या त्यावरून कुणाला गंडा घातला तर चौकशीला आईलाच बोलावतील. म्हणून ठाण्यात लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर शिक्का मारून घेतलाय. मुन्शी नको म्हणत होता, शिक्का मिळेपर्यंत मी हललो नाही.