नाशिकच्या कॉलेज रोडवरची अकरावी फिजिक्सची शिकवणी: स्लो आहे, पण शिकवतात भारी

मुलीला आधी एका मोठ्या क्लासला घातलं होतं, तिथे फॉर्म्युल्यांची शीट पाठ करायची आणि आकडे कोंबायचे, एवढंच. मग बिल्डिंगमधल्या काकूंनी ह्या सरांचं सांगितलं. आतल्या गल्लीत दोन खोल्या, एक फळा, एसी बिसी काही नाही.

इथे प्रॉब्लेम वाचल्या वाचल्या आकडेमोड करायचीच नाही. आधी आकृती, कुठली दिशा प्लस धरली ते, काय दिलंय, काय काढायचंय, मग अक्षरांतच शेवटपर्यंत जायचं आणि आकडे सगळ्यात शेवटी, युनिटसकट. डेमोला मी मागे बसलो होतो. 72 किमी स्पीडची गाडी द्वारका सर्कलला ब्रेक मारते, रिटार्डेशन (म्हणजे वेग कमी होण्याचा दर) 5 मीटर पर सेकंद स्क्वेअर, किती अंतरात थांबेल? एका पोराने पटकन 72 चा वर्ग करून 518 मीटर ठोकून दिलं. सर ओरडले नाहीत, म्हणाले, "अरे, म्हणजे ब्रेक मारून अर्धा किलोमीटर घसरत जाणार का गाडी?" सगळी पोरं हसली, मग त्यालाच फळ्यावर बोलावून 72 चे 20 मीटर पर सेकंद करायला लावले आणि उत्तर आलं 40 मीटर. लगेच पुढचा प्रश्न, स्पीड अर्धा केला तर? बरीच पोरं 20 म्हणाली, सरांनी नुसतं फॉर्म्युल्यातल्या वेगाच्या वर्गावर खडू ठेवला, आणि मग 10 आलं.

उतारावरच्या ठोकळ्याच्या गणितात तर उत्तर आलं की उताराचा कोन शून्य (म्हणजे सपाट जमीन) आणि नव्वद टाकून बघायचंच. सपाट जमिनीवर ठोकळा आपोआप पळायला लागला तर समजायचं, साइन कॉसची अदलाबदल झालीय. ही सवय मुलीला आता घरी पण लागलीय, हे मला सगळ्यात आवडलं.

आता तक्रारी. पोर्शन फार हळू सरकतो. सीईटीला फिजिक्स केमिस्ट्री मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात आणि इथे एकाच गणितावर पाव तास जातो, सर म्हणतात स्पीड बारावीत बघू, मला ते पूर्ण पटलेलं नाही. बोर्डाला स्टेप्सचे मार्क मिळतात हे खरं, पण सीईटीसाठी टेस्ट सिरीज वेगळीच लावावी लागेल. पेपर तपासून यायला पण उशीर होतो, आणि पार्किंगच्या नावाने बोंब, मुलांना सायकलवरच पाठवा.

फी हप्त्याने घेतात, मोठ्या क्लासपेक्षा बरीच कमी. फॉर्म्युले पाठ आहेत पण कुठला लावायचा ते कळत नाही असं ज्यांच्या पोरांचं होतं त्यांनी डेमो बघाच, फ्री आहे. संध्याकाळची बॅच फुल झालीय, मागच्या आठवड्यात सकाळी सातच्या बॅचला जागा होती.