जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: टचपॅडचे आठ महिने

रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघाली होती आणि मी रामबागेतल्या घरी जुन्या लॅपटॉपवर विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी लिनक्स मिंट २२ ही प्रणाली टाकत बसले होते. आता दिवाळी तोंडावर आली. लॅपटॉप मुख्यतः बाबा, म्हणजे माझे सासरे वापरतात. वय ७८. इंदूरच्या कापड गिरण्यांच्या दिवसांच्या आठवणी ते मराठीत टाइप करतायत. वायफाय, प्रिंटर, मराठी कीबोर्ड पहिल्याच दिवशी लागलं. रडवलं ते टचपॅडनं.

सुरुवात माझ्या हातून झाली. दोन बोटांनी पान सरकवलं की ते भलतंच पळायचं. टचपॅड चालवणारा आजचा ड्रायव्हर म्हणजे लिबइनपुट, आणि सरकण्याचा वेग बदलायची सोय मला सेटिंग्जमध्ये सापडली नाही. कुणीतरी सुचवलं म्हणून मी जुना सिनॅप्टिक्स ड्रायव्हर टाकला. पान शहाण्यासारखं सरकायला लागलं आणि मी खूश झाले.

चार दिवसांनी बाबांची ओळ तुटायला लागली. ‘गिरणीचा भोंगा’ लिहिताना ‘गिरणीचा’ जागेवर राहायचं आणि ‘भोंगा’ थेट वरच्या परिच्छेदात जाऊन बसायचा. एकदा तर निवडला गेलेला अख्खा परिच्छेद एका अक्षरानं पुसला गेला. बाबा म्हणाले, “सूनबाई, माझाच हात थरथरतो गं, मशीनला बोल लावू नकोस.” ते ऐकून फार वाईट वाटलं, कारण त्यांची चूक नव्हतीच. जुन्या ड्रायव्हरमध्ये तळहात ओळखण्याची सोय मुळात बंद असते. टाइप करताना टचपॅड थांबवायचा तर सिनडेमन नावाचा वेगळा प्रोग्राम चालू ठेवावा लागतो. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

कारण सापडायला तीन आठवडे गेले. मी सेटिंग्जमध्ये बटणं दाबत राहिले, पण टचपॅड कुणाच्या ताब्यात आहे हे बघितलंच नाही. पडदा, कीबोर्ड आणि माऊस सांभाळणाऱ्या एक्स सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, ते स्वच्छ लिहिलेलं असतं: ‘यूझिंग इनपुट ड्रायव्हर’ आणि पुढे ड्रायव्हरचं नाव. माझ्याकडे तिथे सिनॅप्टिक्स होतं. एक्स सर्व्हर मांडणीच्या फाइली नावाच्या क्रमानं वाचतो. लिबइनपुटची फाइल ४० नं सुरू होते, जुन्याची ७० नं, आणि मागून आलेल्याचं चालतं. म्हणजे दोन्ही ड्रायव्हर मशीनवर असले की नवा गुपचूप बाजूला पडतो. जुनं पॅकेज काढलं, मशीन पुन्हा सुरू केलं, ‘टाइप करताना टचपॅड बंद’ चालू केलं. त्या संध्याकाळी बाबांनी सलग दोन पानं लिहिली.

पानाचा तो भलता वेग मात्र परत आला. फायरफॉक्समध्ये तो आतून कमी करता येतो, बाकी ठिकाणी आम्ही सवय करून घेतली. ही माझी खरी तक्रार आहे आणि आठ महिन्यांनीही ती कायम आहे. तरी जुना ड्रायव्हर मी परत टाकणार नाही. एक्स सर्व्हरची जागा घेणाऱ्या नव्या वेलँडवर तो चालतच नाही, आणि मिंटही हळूहळू तिकडेच निघालंय.

नंतर दुसरंच सुरू झालं. आधी निवडलेलं वाक्य मधेच कुठेतरी पुन्हा छापलं जायचं. बाबा विचार करताना तीन बोटं टचपॅडवर टेकवतात. तीन बोटांची टिचकी म्हणजे माऊसचं मधलं बटण, आणि लिनक्समध्ये मधल्या बटणानं निवडलेला मजकूर चिकटतो. मी टिचकीनं क्लिक करणंच बंद केलं. आमच्या लॅपटॉपला टचपॅडखाली दोन खरी बटणं आहेत. बाबांच्या हाताला तीच बरी, दाबल्याचं बोटाला कळतं. घरात म्हातारं माणूस असेल तर हे आधी करा, मी फार उशिरा केलं.

झाकण लावून उघडलं की टचपॅड मेल्यासारखा पडायचा, तेही निस्तरलं. हा टचपॅड अजून पीएस/२ पद्धतीनं बोलतो, आयबीएमनं १९८७ साली आणलेली. ‘सुडो मॉडप्रोब’ या आज्ञेला ‘-आर’ देऊन पीएसमाऊस हा लिनक्सच्या गाभ्यातला त्याचा भाग काढायचा आणि परत घालायचा, की लगेच जिवंत. आता लॅपटॉप झोपेतून उठताना हे आपोआप करणारी छोटी स्क्रिप्ट सिस्टमडीच्या, म्हणजे लिनक्समधली कामं चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रामच्या, सिस्टम-स्लीप फोल्डरमध्ये ठेवली आहे. तरी दोन्ही आज्ञा मोठ्या अक्षरात लिहून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवल्यात. जूनमध्ये मी माहेरी गेले होते तेव्हा बाबांनी ती चिठ्ठी बघून एकट्यानं टचपॅड चालू केला आणि मला फोन केला. त्यानंतर ती काढावी लागलेली नाही.