वर्णनावरून समीकरण: आधी शब्दांत की थेट सूत्रांत?

‘बेरिअम क्लोराइडच्या द्रावणात अ‍ॅल्युमिनिअम सल्फेटचं द्रावण मिसळलं असता पांढरा अवक्षेप मिळतो’ या वाक्यावरून दहावीच्या मुलानं समीकरण कसं लिहावं, यावर शिकवणाऱ्यांत दोन तट आहेत. काही जण आधी शाब्दिक समीकरण लिहून घेतात, मग प्रत्येक नावाखाली सूत्र. बाकीचे म्हणतात, कशाला दोनदा लिहायचं? वाक्य वाचा, सूत्रं मांडा, संतुलन करा. मी शिकवताना दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या आहेत.

थेट पद्धत झटपट आहे, हे मान्य. हुशार मुलांना ती आवडतेही. विस्थापनासारख्या सरळ अभिक्रियेत, म्हणजे मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा वगैरे, तिच्यात काही बिघडत नाही.

माझं घोडं अडलं ते वरच्याच उदाहरणाशी. अ‍ॅल्युमिनिअम सल्फेट म्हणजे एएल टू, कंसात एसओ फोर, कंसाबाहेर थ्री. घाईत मुलं तो थ्री सल्फेटसोबत तसाच उचलून उजवीकडे नेतात आणि बेरिअमच्या गळ्यात बांधतात. आता क्लोरीन जुळत नाही. मग बेरिअम क्लोराइडमधला टू खोडून तिथे सिक्स! गंमत अशी की यानंतर अणू दोन्ही बाजूंना चोख जुळतात: बेरिअम १, अ‍ॅल्युमिनिअम २, क्लोरीन ६, सल्फेट ३. फक्त तसली संयुगं अस्तित्वात नाहीत. मूल मात्र ‘सर, जुळलं’ म्हणून वही पुढे करतं, आणि चूक संयुजेत (मूलद्रव्याच्या किंवा गटाच्या जोडणीच्या क्षमतेच्या आकड्यात) होती की संतुलनात, हे त्या खाडाखोडीतून मला काही केल्या उमगत नाही.

शाब्दिक ओळ आधी असली की ‘बेरिअम सल्फेट’ या नावाखाली सूत्र लिहिताना मूल निदान थबकतं. बेरिअमची संयुजा २, सल्फेटचीही २, म्हणजे एकास एक. सूत्र तपासून झालं की त्याला चौकट. संतुलन करताना चौकटीत हात घालायचा नाही, आकडे फक्त चौकटीच्या आधी. मग बेरिअम क्लोराइडआधी ३, अ‍ॅल्युमिनिअम सल्फेटआधी १, उजवीकडे अ‍ॅल्युमिनिअम क्लोराइडआधी २ आणि बेरिअम सल्फेटआधी ३ हे आकडे आपसूक येतात.

वर्णनात न सांगितलेलंही शब्दांत लवकर सापडतं. मॅग्नेशिअमची फीत ‘हवेत’ जाळली, तर ऑक्सिजन आपणच आणायचा. पोटॅशिअम क्लोरेट मँगनीज डायऑक्साइडसोबत तापवलं, तर दुसरं नाव उत्प्रेरकाचं (अभिक्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः खर्च होत नाही), ते बाणावर. थेट लिहिणारी काही मुलं मँगनीजलाही संतुलनात ओढतात.

शब्दांची वाट लांब आहे, शंकाच नाही. ती फसवूही शकते: नुसतं ‘आयर्न क्लोराइड’ लिहिलं तर कोडं तसंच राहतं. विरल हायड्रोक्लोरिक आम्लात लोह टाकलं तर फेरस (लोहाची संयुजा २), तापलेल्या लोहावरून क्लोरीन वायू सोडला तर फेरिक (संयुजा ३). म्हणून नाव पुरतं लिहायला लावावं लागतं. शिवाय प्रत्येकाची शिकवण्याची धाटणी वेगळी, आणि अकरावी-बारावीत सीईटीच्या घाईत शब्द लिहीत बसा असं मीही सांगणार नाही. पण नववी-दहावीचं मूल असेल आणि संयुजा अजून बोटांवर मोजत असेल, तर मी आधी शब्दच लिहून घेईन. हात बसला की शब्दांची ओळ खुशाल सोडू द्या, चौकट तेवढी आणखी काही महिने राहू दे.