स्टार की शाबासकी?

दुसरीचा वर्ग नव्यानं हाती आलेल्या बाईंनी विचारलं, "सर, वहीत स्टार चिकटवू की नुसतं तोंडानं कौतुक करू?"

खर्च म्हणाल, तर सोलापुरात मधल्या मारुतीजवळच्या दुकानातून आणलेलं स्टारचं पाकीट चाळीस पोरांत आठवडाभरात संपतं. शाबासकी फुकट, मात्र पोराकडे नीट बघावं लागतं.

खरी गोम टिकण्यात आहे. 1973 साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रांची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं. पुढे ती आपणहून कमी चित्रं काढू लागली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही.

कौतुकही सरसकट नको. "हुशार आहेस" हे तर टाळाच. माझ्या वर्गातली, घरी तेलुगू बोलणारी एक पोरगी 'ळ' चुकवायची. म्हटलं, "तीनदा खोडून लिहिलास, शेवटचा बघ कसा गोल आलाय!" मधल्या सुट्टीत फळ्यावर 'ळ'च 'ळ'. (खडू संपला, तो खर्च धरा.)

रांगेत बसणं, हात वर करणं अशा सवयींना पहिले पंधरा दिवस स्टार चालतील, मग हळूहळू कमी करा. वाचन-लेखनाला शाबासकीच, आणि ती कशाबद्दल ते सांगून.