गल्ली रोज खेळायला मोकळी, की आठवड्यातून दोन तास बंद?

सुट्ट्या लागल्या की आमच्या गल्लीत दरवर्षी तोच वाद निघतो. पोरांना रस्त्यावर खेळू द्यायचं, हे माझ्यापुरतं ठरलेलं आहे. मैदान लांब असलं की सहा वर्षांचं मूल मोठ्या माणसाचं बोट धरल्याशिवाय तिथं पोचत नाही आणि मोठ्या माणसाला सवड नसते. वाद आहे तो कसं खेळू द्यायचं याचा. तुमच्या सोसायटीतही तो चालू असेल, तर दोन पद्धती शेजारी ठेवून पाहा.

पहिली पद्धत म्हणजे रोजची मोकळीक. टोरांटोत घरांपुढच्या रस्त्यांवर हॉकी आणि बास्केटबॉल खेळायला बंदी होती. तिथल्या नगर परिषदेनं ती २०१६ मध्ये उठवली. नेदरलँड्स त्याही पुढे गेलं. तिथं १९७६ पासून ‘वोनेर्फ’ प्रकारच्या गल्ल्यांना कायद्याचा आधार आहे. मुलं रस्ताभर खेळू शकतात आणि गाडीनं ताशी १५ किलोमीटरच्या वर जायचं नाही. पण तिथं नुसत्या पाटीवर भागवलेलं नाही. झाडं, वळणं आणि उंचवटे असे बसवलेत की वेग घेताच येत नाही.

दुसरी पद्धत इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराची. २००९ मध्ये तिथल्या दोन शेजारणींनी, अ‍ॅलिस फर्ग्युसन आणि एमी रोझ यांनी, आपली गल्ली काही तासांसाठी वाहनांना बंद करून मुलांना मोकळी करून दिली. पुढे महापालिकेनं त्यासाठी रीतसर परवानगीची सोय केली. दोन्ही टोकांना रहिवासीच पहारा देतात. आतल्या कुणाला गाडी काढायची असेल, तर मुलांना बाजूला करून, गाडीच्या पुढं चालत तिला वाट करून देतात.

निवड करताना आधी गल्ली बघा. पुढे रस्ता नसलेली, ओळखीच्याच गाड्या येणारी गल्ली असेल, तर रोजची मोकळीक चालते. एकानं ‘गाडी आली’ ओरडायचं, सगळ्यांनी स्टंप उचलायचे, हे मुलं आपसूक शिकतात. आरपार गल्लीत मात्र मी हा धोका पत्करणार नाही. ताशी ४० किलोमीटरनं येणारी गाडी चालकाला मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या एका सेकंदात ११ मीटर पुढे आलेली असते. २० वर तेच अंतर साडेपाच मीटर. शिवाय दोन्ही कडेला गाड्या लावलेल्या असल्या की बॉलमागं धावणारं पोर दिसतंच मुळी शेवटच्या क्षणी.

आणखी एक गोष्ट बैठकांमध्ये कुणी काढत नाही. रोजच्या मोकळ्या गल्लीत बारा-तेरा वर्षांच्या मुलग्यांचं क्रिकेट सगळी जागा खातं. मुली कठड्यावर बसून राहतात, धाकटे आईच्या हाताला. गल्ली ठरवून बंद केली आणि दोघं-तिघं मोठे उभे राहिले, की लंगडी, लगोरी, तीनचाकी सायकल, सगळं बाहेर येतं. आज्याही खुर्च्या टाकून बसतात. माझा कौल दुसऱ्या पद्धतीकडे झुकतो तो यामुळे.

त्यात कष्ट आहेत, हेही खरं. दर वेळी माणसं उभी करायची, दुकानदारांशी बोलायचं, पोलिसांच्या वाहतूक शाखेकडे अर्ज करायचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली वाहनांना असा मज्जाव करता येतो. तो महिनाभराच्या आतला असेल तर राजपत्रात छापावा लागत नाही, स्थानिक पातळीवर कळवलं की पुरतं. म्हणून आधी महिनाभराचाच प्रयोग मागा. मुंबई पोलिसांनीही २७ मार्च २०२२ पासून रविवारी सकाळी काही रस्ते वाहनांना बंद करून लोकांना खुले केले होते.

साहित्याचं मात्र दोन्हीकडे सारखंच: दहा वर्षांच्या मुलाला एका हातानं उचलता येईल तेवढंच रस्त्यावर. लाकडी बुडाचे स्टंप, टेनिस बॉल, लगोरीच्या चकत्या चालतील. बॅडमिंटनचं नेट गल्ली बंद असतानाच. वाळू भरलेल्या बुडाचा बास्केटबॉलचा खांब अजिबात नको. रुग्णवाहिका आली तर तो हलवणार कोण? त्याला सोसायटीच्या आवारातला कोपरा द्या, आणि दुपारी दोन ते चार तिथंही बॉल आपटायचा नाही, हे मुलांकडूनच कबूल करून घ्या.