दिवाळी ते मे: आईच्या खोलीतला हीट सेन्सर

एप्रिल संपत आला तशी आमच्या हीट सेन्सरला दुपारची आई दिसेनाशी झाली. आई पलंगावर पडलेली आणि माझ्या मोबाईलवर 'खोली रिकामी'. दिवाळीत घेतलेली ही डबी तोवर इतकी चोख चालली होती, की दोन नातेवाइकांनाही मी ती घ्यायला सांगितली होती. त्यांना आता काय सांगायचं, तेच इथे सविस्तर लिहितोय.

कॅमेरा का नाही, हे आधी सांगतो. गेल्या पावसाळ्यात आई न्हाणीघराच्या उंबऱ्याशी घसरली आणि बराच वेळ कुणाला कळलं नाही. कॅमेऱ्याचा विषय काढल्याबरोबर ती म्हणाली, "माह्या खोलीत कॅमेरा लावशीन त मी गावाले निंगून जाईन." तिचं बरोबरच होतं. लुगडं बदलायची, देवासमोर बसून रडायची जागा तीच. तिथे कुणाचा डोळा कशाला हवा?

म्हणून ८×८ वाला थर्मोपाइल सेन्सर घेतला, म्हणजे हात न लावता दुरूनच उष्णता मोजणारा. खोलीचे फक्त ६४ चौकोन आणि प्रत्येकाचं तापमान. बघण्याचा कोन ६० अंश, म्हणजे तीन मीटरवर एका चौकोनाच्या वाट्याला साधारण ४० सेंटिमीटर येतात. अख्खा चेहरा एका चौकोनात विरघळून जातो. आईला मी मोबाईलवर ते रंगीत चौकोन दाखवले. तिने बोट ठेवून विचारलं, "यातली मी कोन्ती?" आणि लावू दिला. ३२×२४ चे सेन्सरही मिळतात, पण त्यांत ७६८ ठिपके असतात आणि माणूस कसा बसलाय, हात कुठे आहे, याचा अंदाज येऊ लागतो. तेवढं मला नको होतं.

छताला लावू नका. आपल्याकडे छताच्या मधोमध पंखा असतो. पाती आड येतात आणि तापलेली मोटर दुसरा माणूस म्हणून मोजली जाते. मी भिंतीच्या कोपऱ्यात, वरून तिरका लावला. आई उठून गेली तरी गादीची ऊब काही मिनिटं टिकते, तेवढा वेळ सेन्सर तिला पलंगावरच धरतो. अलर्टची वेळ थोडी लांबवली की हे निभतं.

हिवाळ्यात मात्र मन खूश झालं. जानेवारीच्या रात्री गोधडीत फक्त डोकं उघडं असायचं, तरी गार भिंतीसमोर तो एक चौकोन ठळक दिसायचा. आई उठली की बोळीतला दिवा आपोआप लागायचा, ती वीस मिनिटांत परतली नाही तर माझा फोन वाजायचा. सोसायटीच्या जिन्यात असतात ते पीआयआर सेन्सर हालचाल थांबली की माणूस विसरतात. हा तसं करत नाही, कारण तो हालचाल शोधत नाही, ऊब मोजतो.

आणि तिथेच उन्हाळ्यात तो अडतो. माणसाची कातडी एरवी ३३-३४ अंशांच्या आसपास असते. खोली २४ वर असेल तर हा फरक भरपूर झाला. पण अकोल्यात मे महिन्यात पारा ४३-४४ वर जाणं नवीन नाही. आमचं घर एकमजली. दुपारी स्लॅब तापतो, भिंती तापतात, आणि आई व भिंत यांच्यात फरकच उरत नाही. या सेन्सरचा आकडा दोन-अडीच अंश इकडेतिकडे असला तरी चालतं, शेजारशेजारच्या चौकोनांतला फरक त्याला बरा कळतो. पण फरकच नसेल तर तो काय कळवणार?

मग एका दुपारी ॲपमधला चौकोनांचा तक्ता उघडून बसलो, आणि जे दिसलं त्याने माझं मत बदललं. भिंतीकडचे चौकोन ३८ च्या आसपास होते आणि आईच्या जागी ३६. घाम येतो, पंख्याखाली तो वाळतो, म्हणून तिचं अंग भिंतीपेक्षा गार होतं. म्हणजे सेन्सरला ती दिसत होती, निळ्या डागासारखी! पण प्रोग्रॅम शोधत होता फक्त आजूबाजूपेक्षा गरम असलेला डाग. हा दोष सेन्सरचा नाही, ज्याने विदर्भाचा मे न बघता प्रोग्रॅम लिहिला त्याचा आहे.

हे सगळं स्क्रीनशॉटसह कंपनीला कळवलं. उत्तर आलं, "सर, खोलीचं तापमान ३० च्या खाली ठेवा." खोक्यावर मात्र छापलंय, 'कार्यकारी तापमान ० ते ५० अंश'. त्याचा अर्थ एवढाच, की ५० अंशांतही आतलं सर्किट चालू राहील. माणूस सापडेल असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. साडेसहा हजार रुपये मोजणाऱ्या गिऱ्हाइकाने हे कसं ओळखायचं? खोक्यावर एक ओळ वाढवायला कितीसा खर्च येतो?

कूलर चालू असला की सेन्सर पुन्हा नीट चालतो, हेही सांगायला हवं. खोली तिशीच्या आत आली की आई दिसते. पण आमच्याकडे दुपारी लाइट जाते. डबी इन्व्हर्टरवर चालू राहते, कूलर बंद पडतो, खोली तापते. म्हाताऱ्या माणसाला उष्माघाताची भीती सगळ्यात जास्त असते ती नेमकी त्याच वेळी, आणि त्याच वेळी मोबाईल म्हणतो की खोलीत कुणी नाही. माझी सगळी तक्रार या एका गोष्टीची आहे. बाकीचं मी चालवून घेतलं असतं.

आता तात्पुरती सोय केली आहे. भाच्याने ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डावर २४ गिगाहर्ट्झचं छोटं रडार बसवून दिलं. काही शे रुपयांचं काम, छातीची श्वासाची हालचालही पकडतं, आणि उन्हाळ्याशी त्याला देणंघेणं नाही. पण कूलरच्या वाऱ्याने पडदा हलला की त्यालाही माणूस वाटतो. म्हणून कूलर चालू तेव्हा हीट सेन्सर, लाइट गेली की रडार, अशी वाटणी केली आहे. लाइट गेली की पडदाही हलायचा थांबतो, त्यामुळे हे जमून गेलं.

खासगीपणाबद्दलचं माझं मतही मधल्या काळात थोडं सरकलं. ॲपमध्ये रोजचा आलेख असतो आणि तो पुण्यातल्या धाकट्या भावालाही दिसायचा. एकदा त्याने फोनवर काळजीने विचारलं, "आई, रात्री चारदा उठलीस?" फोन ठेवल्यावर ती माझ्यावर चिडली. "रातच्याले मी कितीदा उठतो हे त्याले कायले पायजे?" चेहरा दिसला नाही तरी दिनक्रम दिसतोच, आणि तोही तिचाच आहे. त्या दिवशी भावाचा आलेख बंद केला. राउटरमधून डबीचं इंटरनेटही तोडलं. घरातल्या घरात ती चालते, कंपनीच्या सर्व्हरवर काही जात नाही. यासाठी मात्र त्यांना पूर्ण गुण, कारण बऱ्याच डब्या इंटरनेट काढलं की ठप्प होतात.

नातेवाइकांपैकी महाबळेश्वरच्या मावशींना सांगितलं, बिनधास्त ठेवा. चंद्रपूरच्या काकांना सांगितलं, परत करायची मुदत असेल तर परत करा, नसेल तर सोबत रडार लावा. कंपनीकडे माझी मागणी एकच आहे: गार डागालाही माणूस समजणारं अपडेट द्या. तक्रार अजून उघडी आहे. अपडेट आलं तर पुढच्या कडक दुपारी कूलर बंद करून, आईच्या जागी मी स्वतः झोपून तपासेन आणि इथेच लिहीन.